व्हिडिओतून फोटो काढताय? या चुका टाळा

व्हिडिओ पॉज केला, प्रिंट स्क्रीन दाबलं, पेंटमध्ये पेस्ट केलं, झाला फोटो! मीपण कित्येक वर्षं हेच करायचो आणि फोटो धुरकट आला की कॅमेऱ्याला शिव्या घालायचो. प्रिंट स्क्रीन व्हिडिओचा नाही, तुमच्या स्क्रीनचा फोटो काढतं. व्हिडिओ ४के म्हणजे ३८४० बाय २१६० चा असला तरी लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची असेल तर हातात तेवढंच येणार, म्हणजे ८ मेगापिक्सेलचा माल होता आणि तुम्ही जेमतेम १ घेऊन आलात. त्यापेक्षा व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ प्लेयरमध्ये उघडा आणि शिफ्ट धरून एस दाबा (मॅकवर वेगळं आहे), विंडो कितीही छोटी असू दे, फ्रेम (म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र) पूर्ण साइझची मिळते. फोटो कुठे गेला म्हणून शोधत बसू नका, पिक्चर्स फोल्डरमध्ये असतो.

दुसरी चूक म्हणजे पहिल्या पॉजवरच समाधान मानणं. सेकंदाला साधारण २५-३० फ्रेम असतात, एकीत डोळे मिटलेले, पुढचीत हात हललेला, आणि त्याच्या पुढचीत सगळं एकदम झकास! व्हीएलसीत ई दाबत एकेक फ्रेम पुढे जा. मागे जायचं बटण मात्र शोधू नका, थोडं आधीपासून सुरू करून परत ई दाबत या. आणि हललेली फ्रेम शार्प करायच्या भानगडीत पडू नका, शटर उघडं असतानाच हात हललाय, त्यात डिटेल नाहीच तर येणार कुठून.

जुन्या हँडीकॅमच्या कॅसेटवरून घेतलेल्या व्हिडिओत वेगळीच गंमत. टाटा करणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात आलेले दिसतात, मला आधी वाटलं फाइलच खराब झाली. तो इंटरलेसिंगचा प्रकार, एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी आलटून पालटून बसवलेल्या असतात. स्नॅपशॉट घ्यायच्या आधी डी दाबून डीइंटरलेस चालू करा, दात जातात.

फोटो पूर्ण काळा आला तर बहुतेक वेळा तो स्ट्रीमिंगवाला कॉपी प्रोटेक्टेड व्हिडिओ असतो, तिथे नाद सोडा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कॉपी वापरू नका, ओरिजिनल फाइल मागवा. सेव्ह पीएनजी फॉरमॅटमध्येच करा, जेपेग पुन्हा पुन्हा एडिट करून सेव्ह केली की दरवेळी थोडी बिघडते. आणि प्रिंट काढायची असेल तर १९२० बाय १०८० ची फ्रेम ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) साधारण ६.४ बाय ३.६ इंच होते, पोस्टर काढायला जाऊ नका.