चावऱ्या मधपेटीची राणी कशी बदलावी

पेटी चावरी झाली की नवख्या मधपाळाला पहिला सल्ला मिळतो, ‘भरपूर धूर मारा’. दुसरा मिळतो, ‘रात्री उघडा, तेव्हा माश्या झोपलेल्या असतात’. दोन्ही सल्ले वाईट आहेत. दिवसा बाहेर फिरणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्या माश्या रात्री घरातच असतात. उघडलं की त्या उडत नाहीत, सरपटत बाह्यांत आणि पायजम्यात शिरतात. धुराचंही तसंच. मेलिफेरा, म्हणजे परदेशी मधमाशी, थोडाफार सोसते, पण आपली देशी सातेरी जास्त धुराने पोळी सोडून झाकणाला लटकते. हा त्रास वरचेवर झाला तर अख्खी वसाहत पेटी सोडून निघून जाते. पेटीच्या दाराशी धुराच्या दोन फुंकरा पुरे.

इथे मी सातेरीबद्दलच लिहितोय, म्हणजे महाबळेश्वर, जावळी, पाटण भागात पेट्यांत असते तिच्याबद्दल. सांगलीकडे मेलिफेरा पाळणाऱ्यांनी अंडी घालणारी नवी राणी पिंजऱ्यातून विकत आणून द्यावी, त्यांचं काम सोपं आहे. आणि कड्यावर, उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं उघडं पोळं दिसलं तर ती आग्या माशी. तिच्याजवळ नवख्याने जाऊच नये.

आधी कारण शोधा

चिडलेली प्रत्येक पेटी जातीने चावरी नसते. पावसाळ्यात फुलोरा नसतो, घरात मध संपत आलेला असतो, तेव्हा गरीब पेटीही अंगावर येते. शेजारच्या पेटीतल्या माश्या मध लुटत असतील, दाराशी गांधीलमाश्या घिरट्या घालत असतील, पेटीच्या पायाला मुंग्या लागल्या असतील किंवा पोळ्यांना मेणकिडा लागला असेल, तरी तेच. तासगावकडच्या द्राक्षबागांत फवारणीचं औषध लागलेल्या माश्याही पिसाळतात. उपाशी असतील तर संध्याकाळी पेटीच्या आत साखरपाणी द्या. बाहेर थेंबही सांडू देऊ नका, नाहीतर लुटालूट सुरू होईल.

राणी नसेल तर झाकण काढताच नेहमीचा आवाज येत नाही, एक लांब कण्हणं ऐकू येतं. पोळ्याच्या घरांत अंडी दिसत नाहीत, किंवा एकेका घरात तीन-चार वेडीवाकडी चिकटवलेली दिसतात. ती कामकरी माश्यांनी घातलेली. त्या पेटीचा प्रश्न रागाचा नसून राणीचा आहे.

फुलोरा चांगला आहे, ऊन आहे, राणी अंडी घालतेय, तरीही झाकण उचलताच माश्या टोपाच्या जाळीवर आदळतात आणि पार बांधापर्यंत पाठलाग करतात, आणि असं दोन-तीन तपासण्यांत लागोपाठ घडलं, तरच राणी बदला.

वेळ

बाहेर नर उडत असतील तेव्हाच हात घाला. नराच्या बंद घराच्या टोपीवर टोकाला बारीक छिद्र असतं, तसली घरं चौकटीवर, म्हणजे पोळं बांधलेल्या लाकडी फ्रेमवर, दिसली पाहिजेत. नर नसताना राणी मारलीत तर नवी राणी जन्मेल, पण तिचं मीलन होणार नाही. पावसाळ्यात हे काम करूच नका.

पेटी हलवणे

राणी बदला, असं सगळे सांगतात. हजारो चिडलेल्या माश्यांत ती शोधायची कशी, ते कुणी सांगत नाही. मीही सर्वात जास्त अडखळलो ते इथेच. डंख मारतात त्या मुख्यतः वयस्क, बाहेर जाणाऱ्या माश्या. राणीभोवतीच्या तरुण माश्या निवांत असतात. म्हणून आधी या दोघींना वेगळं करायचं.

लख्ख उन्हात, अकराच्या सुमारास, दाराशी दोन फुंकरा मारा आणि पेटी तळपाटासकट उचलून पंधरा-वीस फुटांवर दुसऱ्या स्टँडवर सावलीत ठेवा. स्टँडच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच. दार उलट दिशेला करा. जुन्या जागेवर तशीच रिकामी पेटी ठेवा आणि तिच्यात तुमच्या सर्वात गरीब पेटीतली अंडी-अळ्यांची एक चौकट घाला. नवी राणी याच चौकटीतून वाढवून घ्यायची आहे. चौकट काढताना त्या पेटीची राणी तिच्यावर नाही ना, हे दोनदा बघा. चौकटीच्या वरच्या पट्टीवर खडूने खूण करा.

रानातून परतणाऱ्या माश्या सवयीने जुन्या जागीच येतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेक म्हातारी फौज तिकडे जमा होते. ती दिवसभर भयंकर चिडलेली असते, तेव्हा जुन्या जागेकडे कुणी फिरकू नये. शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगा, गुरं दुसरीकडे बांधा, पोरांची वाट बदला. वाट पायाखालची असेल तर हे तिथे करूच नका.

राणी

दुसऱ्या दिवशी दुपारी हलवलेली पेटी उघडा. तीच पेटी आहे यावर विश्वास बसत नाही, इतकी ती शांत असते. धूर जवळजवळ नकोच. कडेची एक चौकट बाहेर काढून जागा करा आणि उरलेल्या चौकटी दोन-दोनच्या जोड्या करून जोड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा. राणी उजेडापासून पळते, म्हणून पाच-सात मिनिटांत ती कुठल्यातरी जोडीच्या आतल्या अंधारात जाते. मग एकेक जोडी उचलून पुस्तकासारखी उघडा आणि आतल्या बाजू बघा. चौकट कायम पेटीच्या वरच धरा, राणी पडली तर गवतात हरवेल. दोन फेऱ्यांत दिसली नाही तर झाका आणि उद्या या. हट्टाने तिसऱ्यांदा चाळलंत तर सातेरी घर सोडते.

राणी दिसली की चिमटीत धरून दाबायची. मला आजही ते करताना वाईट वाटतं, पण दया येऊन तिला दुसऱ्या पेटीत ठेवू नका. तिचे नर आजूबाजूच्या सगळ्या पेट्यांचं रक्त बिघडवतात.

संध्याकाळी हलवलेली पेटी जुन्या जागी आणा आणि तिथल्या तात्पुरत्या पेटीतली खुणेची चौकट तिच्या मधोमध सरकवा. सातव्या दिवशी पुन्हा उघडून खुणेची चौकट सोडून बाकी प्रत्येक चौकटीवरची राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायला बांधलेली मोठी लोंबती घरं, मोडा. माश्या झटकू नका, ब्रशने हळूच बाजूला करा आणि कोपरे तपासा. एकही राणीघर राहिलं तर चावऱ्या आईचीच लेक गादीवर बसेल. क्वीन गेट, म्हणजे दारावरची राणीला अडवणारी जाळी, लावलेलं असेल तर काढा, नाहीतर नवी राणी मीलनाला बाहेर पडणार नाही.

डंख बसला तर

नांगी लगेच काढा, नखाने खरवडून किंवा ओढून, कशीही. विषाची पिशवी नांगीबरोबर राहून विष सोडत राहते, त्यामुळे महत्त्व वेगाला आहे. डंखाच्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास येतो आणि त्या वासावर बाकीच्या माश्या तिथेच तुटून पडतात, म्हणून त्या जागेवर धूर द्या आणि सावकाश झाडीत जा. हात झाडू नका. अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय नकोत, 108 ला फोन करा. अशी लक्षणं आधी कधी आली असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेटीजवळ जाऊ नका. एकट्याने तर हे काम कुणीच करू नये.

नवी राणी अंडी घालायला लागायला साधारण महिना जातो, आणि जुन्या माश्या मरून तिच्या माश्यांनी पेटी भरायला आणखी महिना-दीड महिना. तोवर पेटी चावरीच राहील. नव्या राणीचं मीलन उघड्या आकाशात होतं, बाप कोण ते आपल्या हातात नाही, तेव्हा स्वभाव किती सुधारेल हे तिच्या माश्या आल्यावरच कळेल. तोपर्यंत पूर्ण तपासणी टाळा, फक्त अंडी आहेत का ते बघा आणि झाका.