ब्रेकचे पेडल कडक लागते तेव्हा दोष कसा शोधावा

पेडल दगडावर पाय ठेवल्यासारखे लागते आणि सगळा जोर लावूनही गाडी हवी तिथे थांबत नाही, अशी तक्रार घेऊन गेले की अनेकदा आधी पॅडच बदलले जातात. माझ्या गाडीचे तसेच झाले. पुढचे पॅड नवे पडले, ब्रेक ऑइलही बदलले, आणि पेडल मात्र होते तसेच राहिले. शेवटी दोष निघाला तो पेडलाला मदत करणाऱ्या बूस्टरकडे जाणाऱ्या बोटभर जाडीच्या रबरी पाइपमध्ये. क्लिपच्या खाली, वरून दिसणार नाही अशा जागी तो चिरला होता. म्हणून खर्चाला हात घालण्यापूर्वी पुढील चाचण्या कराव्यात. पहिल्या तीन चाचण्यांसाठी एकही पाना लागत नाही. दोष सापडेपर्यंत मात्र गाडी रस्त्यावर काढू नये.

पेडल आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल नळ्यांत ढकलणारा भाग) यांच्यामध्ये, बॉनेटखाली चालकाच्या बाजूला जो काळा गोल डबा दिसतो, तो ब्रेक बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो. पेट्रोल इंजिन चालू असताना स्वतःसाठी हवा ओढते, त्याच ओढीने या डब्यातील हवाही बाहेर काढली जाते. आपण पेडल दाबले की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा आत शिरते आणि तो दाब पेडलाला मदत करतो. नऊ इंच व्यासाच्या पडद्यावर ही मदत अडीचशे किलोहून अधिक भरू शकते. ती नाहीशी झाली की उरतो तो फक्त आपल्या पायाचा जोर. पेडल लिबलिबीत लागत असेल तर दोष बहुधा ब्रेक ऑइलच्या बाजूचा, नळीत शिरलेल्या हवेचा असतो. कडक लागत असेल तर मात्र सर्वांत आधी बूस्टरचा व्हॅक्यूम, म्हणजे हवा काढून झालेली पोकळी, तपासावा.

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून उभी करावी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपेल. आता पेडलवर पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पायाखाली पेडल आपसूक थोडे खाली बसले, तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो आहे. ते जागचे हललेच नाही, तर व्हॅक्यूम पोहोचत नाही किंवा बूस्टर निकामी झाला आहे.

दुसऱ्या चाचणीत इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे आणि पेडल सावकाश दाबावे. पहिल्यांदा ते खोल जाते, पुढच्या प्रत्येक वेळी थोडे वर राहते. पहिल्याच दाबाला ते कडक लागले, तर व्हॅक्यूम कुठून तरी निसटतो आहे. तिसऱ्या चाचणीत चालू इंजिनावर पेडल दाबून धरावे, तसेच धरून इंजिन बंद करावे आणि तीस सेकंद थांबावे. या वेळात पेडल पायाला वर ढकलू लागले, तरीही गळतीच समजावी. पेडल दाबताच पायांपाशी ‘सुस्स’ असा आवाज येत राहिला आणि इंजिनाचा आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता चालणारा संथ वेग) बिघडला, तर पडदा फाटल्याची शक्यता मोठी.

त्यानंतर पाइप. बूस्टरच्या तोंडाशी एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. इंजिन बंद केल्यावर तो हलके फिरवत बाहेर काढावा. स्क्रूड्रायव्हरने उचकू नये, कारण त्याखालचे रबर फाटते. व्हॉल्व्हमध्ये बूस्टरच्या बाजूने फुंकर घातली की ती आरपार गेली पाहिजे, इंजिनाच्या बाजूने घातली तर अडली पाहिजे. मग पाइपच्या मोकळ्या तोंडावर बोट धरून दुसऱ्याला इंजिन सुरू करायला सांगावे. चांगल्या पेट्रोल इंजिनावर बोटाची कातडी आत ओढली जाते. व्हॅक्यूम गेज असेल तर आयडलला साधारण ४३० ते ५३० मिलिमीटर पारा दाखवतो. उंचीवर हा आकडा कमी होतो. सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरात तो शंभर मिलिमीटरने खाली आला, तर घाबरू नये. पाइप वाकवून, क्लिपा मागे सरकवून पाहावा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि पाइप कुरतडतात. कधी पाइप बाहेरून ठीक दिसतो, पण आतला थर सुटून वाट बुजलेली असते.

डिझेल इंजिनात ही ओढ मिळत नाही, म्हणून तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, काही गाड्यांत अल्टरनेटरच्याच मागे. बोटाला ओढ लागत नसेल, तर पंप आणि त्याला मिळणारे इंजिन ऑइल तपासावे.

पाइप बदलताना ब्रेक बूस्टरसाठी बनवलेला जाड भिंतीचाच घ्यावा. पाण्याचा साधा पाइप आतल्या ओढीने चपटा होतो. व्हॉल्व्हवर बाण असल्यास तो इंजिनाकडे असावा. बूस्टर उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये, तो आख्खाच बदलतात. हे काम जाणत्या मेकॅनिककडे द्यावे, कारण आतल्या दांड्याची लांबी थोडीशी चुकली तरी ब्रेक धरून राहतात. त्याच वेळी मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्या सांध्यावर ओलावा आहे का, हे पाहावे. तिथून ब्रेक ऑइल आत झिरपत असेल, तर नवा बूस्टरही लवकरच खराब होईल.

व्हॅक्यूमच्या सगळ्या चाचण्या बरोबर आल्या आणि तरी जोर जास्त लागतो, तेव्हा चाकांकडे वळावे. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना गंजून अडकल्या असतील, किंवा पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत झाले असतील. एक चूक फार महागात पडते: ब्रेक ऑइलच्या टाकीत कुणी इंजिन ऑइल ओतणे. त्याने रबर फुगते. टाकीच्या झाकणाचे रबर फुगलेले दिसले, तर गाडी जागेवरच ठेवून मेकॅनिकला बोलवावे.

चालत्या गाडीत पेडल अचानक कडक झाले, तर सगळा जोर लावून ते दाबून धरावे, एकेक गियर खाली आणावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. डिझेल-पेट्रोल वाचवण्यासाठी घाट उतरताना इंजिन बंद करण्याची सवय तर आजच सोडावी. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकांपुरताच असतो.

दुरुस्तीनंतर मोकळ्या जागी ताशी वीस किलोमीटरवर चार-पाच वेळा ब्रेक लावून पाहावेत. मग इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे आणि पेडल दाबावे. पहिला दाब मऊ लागला, तर बूस्टर व्हॅक्यूम धरून आहे.