तुळजापूरला जावळाला निघायच्या आदल्या संध्याकाळी

नांदेडहून तुळजापूर म्हणजे लोहा, अहमदपूर, लातूर, औसा करत दोनशे किलोमीटरच्या वर. त्यात जावळ वैशाखात, लेकरू अकरा महिन्यांचं. निघायचं पहाटे साडेचारला, तेव्हा लेकराची सीट, म्हणजे गाडीच्या बैठकीवर बसवायची त्याची वेगळी पट्ट्यांची खुर्ची, मोबाईलच्या उजेडात बसवायला घेऊ नका. आदल्या संध्याकाळी, गाडी अंगणात असतानाच बसवून ठेवा.

सीट मागेच लावायची आणि लेकराचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे, पंधरा महिने होईपर्यंत तरी. या वयात डोकं जड, मान कच्ची. समोरून धडक बसली तर भार लेकराच्या सीटच्या पाठीवर पसरतो, मानेवर फारसा येत नाही. हीच सीट पुढे एअरबॅगसमोर ठेवली तर एअरबॅगच जिवावर बेतते. आता मागच्या बैठकीच्या फटीत बोटं घाला. लोखंडी कड्या लागल्या आणि सीटही आयसोफिक्सची, म्हणजे या कड्यांत अडकणारी असेल, तर तिचे दोन्ही हात खट्ट वाजेपर्यंत ढकला. नसेल तर गाडीचाच पट्टा, सीटवर दाखवलेल्या वाटेने. पट्टा जातो तिथे धरून सीट हलवा. इंचभराहून जास्त हलली तर पट्टा पुन्हा आवळा.

मग लेकराला बसवून बघा. लेकराच्या सीटचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरा. घडी आली तर तो सैल आहे. मामाने आणलेली जरीची कुंची पट्ट्याखाली नको. झटक्यात ती दबते आणि तेवढाच पट्टा ढिला पडतो. पट्टे लावून वरून दुपटं टाका, कुंची देवळाजवळ घाला.

आमच्या घरी खरी अडचण आईची. "माझ्या मांडीवर काय काटे हायत का? लेकराला कशाला बांधायलास?" कायद्यातला हजार रुपयांचा दंड सांगितला, ती हसली. मग सांगितलं, पन्नासच्या वेगात आदळलो तर नऊ किलोचं लेकरू तुझ्या हातात दोन क्विंटलच्या वर भरतं. सोयाबीनचे चार कट्टे झेलशील का? गप्प बसली. तेव्हापासून बक्कल तीच लावते. संध्याकाळी गल्लीत एक चक्कर मारून लेकरालाही सवय करा, रडायचं ते तिथेच रडू द्या.

अहमदपूर आणि औशाला थांबा, पाजणं-भरवणं गाडी उभी करूनच. दर्शनाच्या वेळी झोपलं असलं तरी उचलूनच न्या. काच खाली ठेवल्याने वैशाखातली गाडी थंड राहत नाही. सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवा आणि परत बसवताना बक्कलला आधी आपली बोटं लावून बघा, चटका बसतो.

नारळाची पिशवी मागच्या काचेखाली ठेवायची सवय सगळ्यांनाच असते. डिकीत, खाली ठेवा. ब्रेक लागला की ती पहिल्यांदा लेकराच्याच तोंडावर येते.