टोरेंटमुळे घरचं नेट रडतंय? अपलोडला लगाम घाला

साताऱ्यात एका लोकल ऑपरेटरकडे मी फायबरचं काम करतो. वायर ओढायची, ओएनटी म्हणजे फायबरचा घरातला बॉक्स बसवायचा आणि मग वर्षभर "दादा, नेट स्लो आहे" ऐकायचं. फायबर तुटली की बॉक्सवर 'लॉस'चा लाल दिवा लागतो, तिथं विषय सोपा असतो. डोकं खातात त्या तक्रारी वेगळ्या. दिवे सगळे हिरवे, पॉवर मीटरवर सिग्नल ठीक, उणे २० डीबीएमच्या आसपास, स्पीड टेस्टही कधी कधी झकास, आणि तरी व्हिडिओ कॉल अडकतोय, साधं पान उघडायला वेळ लागतोय. अशा घरात माझा पहिला प्रश्न असतो, "टोरेंट कोण चालवतं?" उत्तर बहुतेक वेळा "छे, कोणीच नाही" असं येतं.

लोकांना वाटतं, डाउनलोड चालू असेल तरच नेट खाल्लं जातं. टोरेंटचं तसं नाही. टोरेंट म्हणजे मोठी फाइल एकाच सर्व्हरऐवजी लोकांच्या कॉम्प्युटरमधून तुकड्यातुकड्यानं घेण्याची पद्धत. फाइलचे तुकडे तुम्ही घेता तसेच दुसऱ्यांना देताही, आणि डाउनलोड संपल्यावरही देणं चालूच राहतं. त्यालाच सीडिंग म्हणतात. आता गंमत अशी, की तुम्ही काहीही डाउनलोड करत असलात तरी आलेल्या डेटाची पोच सतत उलट पाठवावी लागते, आणि ती जाते अपलोडच्याच वाटेनं. टोरेंटनं ती वाट तुंबवली की पोच मागे अडकते, समोरचा सर्व्हर हात आखडता घेतो, आणि १०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही पान गोल गोल फिरत बसतं. कॉलवर तर तुमचा आवाजच पलीकडे पोचत नाही.

अंदाजानं काही करू नका, आधी मोजा. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा, दुसरीत बाहेरच्या पत्त्याला. पिंग म्हणजे त्या पत्त्यापर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी कमांड: पिंग (पी, आय, एन, जी), मग जागा सोडून पत्ता. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१ असतो, बाहेरचा म्हणून १.१.१.१ चालतो. पत्त्यानंतर जागा सोडून डॅश आणि टी टाकलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा.

राउटरचं पिंग एक-दोन मिलिसेकंद, पण बाहेरचं ३००-४०० आणि मधूनमधून 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', तर अपलोड तुंबल्याची शंका घ्या. राउटरचंच पिंग उड्या मारत असेल तर दुखणं घरातलं आहे, म्हणजे वायफाय किंवा खुद्द राउटर. दोन्ही शांत असून नेट स्लो असेल तर टोरेंटला उगाच बदनाम करू नका. ब्राउझरमधून बघायचं असेल तर फास्ट डॉट कॉमवर टेस्ट झाल्यावर जास्त माहितीचं बटण दाबा. तिथं रिकाम्या लाइनीवरची आणि भरलेल्या लाइनीवरची लेटन्सी, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, वेगवेगळी दिसते. या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसला तर लाइन भरली की रांग तुंबतेय असं समजा.

आता गुन्हेगार शोधायचा. संशयित कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि आर दाबून 'रेसमॉन' (आर, ई, एस, एम, ओ, एन) टाइप करा, नेटवर्कच्या टॅबवर जा आणि 'सेंड'च्या कॉलमवर क्लिक करा. जास्त पाठवणारा प्रोग्राम वर येतो. टोरेंट लगेच ओळखू येतं, कारण एकच प्रोग्राम, आणि खाली जगभरातल्या पत्त्यांची ही लांबलचक यादी.

शाहूपुरीतल्या एका घरी काकांचं म्हणणं होतं, की मुलगा पुण्याला हॉस्टेलवर गेलाय, त्याचा पीसी कोणी वापरत नाही. पण तो चालू असायचा, कारण काकू त्यावर रोज सकाळी भजनं लावायच्या. मी घड्याळाशेजारचा छोटा बाण दाबला, तर आत टोरेंटचं हिरवं चिन्ह बसलेलं. "अहो, पण मी तर ती खिडकी फुलीवर दाबून बंद केली होती," काकू म्हणाल्या. फुली दाबून बरेच क्लायंट, म्हणजे टोरेंट चालवणारे प्रोग्राम, बंद होत नाहीत, नुसते त्या बाणामागं जाऊन बसतात. चिन्हावर उजवं क्लिक करून 'एक्झिट' म्हणावं लागतं. शिवाय कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप सुरू होण्याची टिकही सेटिंगमध्ये असते, ती काढा. एक्झिट केल्या केल्या काकांच्या मोबाइलवरचा कॉल सुरळीत झाला.

टोरेंट बंदच करा असं मी सांगत नाही. उबुंटू, डेबियन अशा मोफत लिनक्सची इमेज (इन्स्टॉल करायची फाइल) टोरेंटनं उतरवणं रास्तच आहे. (सिनेमांचं काय ते तुम्ही बघा, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं शिक्षेचं कलम ६३ एकदा वाचून ठेवा म्हणजे झालं.) चालवा, पण लगाम घालून.

सगळ्यात महत्त्वाचा लगाम अपलोडचा. टोरेंट बंद ठेवून, वायरनं जोडून स्पीड टेस्ट करा आणि अपलोडचा आकडा घ्या. टेस्टमध्ये तो मेगाबिटमध्ये असतो, क्लायंटमध्ये किलोबाइटमध्ये, आणि गडबड नेमकी इथंच होते. मेगाबिटला आठनं भागा, हजारनं गुणा, आणि त्याच्या तीन-चतुर्थांशावर थांबा. म्हणजे ५० एमबीपीएस अपलोड असेल तर ६,२५० होतात. मर्यादा ४,५०० ठेवा. जुनी तांब्याची लाइन असेल आणि अपलोड जेमतेम १ एमबीपीएस असेल तर १२५ होतात, तिथं ९० पुरे. क्यूबिटटोरेंट या क्लायंटमध्ये टूल्स, ऑप्शन्स, स्पीड असं गेलात की हा रकाना सापडेल. त्यात शून्य टाकू नका! शून्य म्हणजे बंद नव्हे, शून्य म्हणजे अमर्याद. आणि अगदी पाच-दहावरही आणू नका. ब्रॅम कोहेननं २००१ मध्ये बिटटोरेंट काढलं तेच देवाणघेवाणीच्या हिशोबावर. तुम्ही देत नाही म्हटल्यावर समोरचेही हात राखून देतात, आणि तुमचंच डाउनलोड रांगायला लागतं.

त्याच पानावर 'अल्टरनेटिव्ह' मर्यादेचा दुसरा जोड असतो आणि त्याला वेळापत्रक लावता येतं. घरून काम करणाऱ्यांनी सकाळी नऊ ते रात्री अकरा कडक मर्यादा आणि रात्री सैल, असं लावून टाकावं. रोज उठून कोणी बदलत बसत नाही. बिटटोरेंटच्या टॅबमध्ये रेशो एक झाला, म्हणजे जेवढं घेतलं तेवढं दिलं, की थांबायचं, हेही सांगून ठेवा.

पुढं कनेक्शनची संख्या, म्हणजे एका वेळी किती कॉम्प्युटरशी जोडायचं ते. क्यूबिटटोरेंटमध्ये ती मुळात एकूण ५०० आणि प्रत्येक टोरेंटला १०० अशी असते. आम्ही बसवतो त्या स्वस्तातल्या राउटरला हे झेपत नाही. लक्षण ठरलेलं असतं: चालू असलेला व्हिडिओ चालत राहतो, पण नवीन पान उघडत नाही, आणि राउटर बंद-चालू केला की थोडा वेळ सगळं छान. शिवाय बऱ्याच ठिकाणी एका पब्लिक आयपीमागं (इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागं) अनेक घरं बसवलेली असतात, त्यामुळं प्रत्येक घराच्या वाट्याला कनेक्शनही मोजकीच येतात. एकूण १५० आणि प्रत्येकी ४० करा, डाउनलोडमध्ये फारसा फरक जाणवणार नाही.

वायफायवर टोरेंट लावणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. २.४ गिगाहर्ट्झवर, दोन भिंतींपलीकडून चालणारा लॅपटॉप हवेतली वेळच इतकी खातो, की फायबर रिकामी असून बाकीचे मोबाइल ताटकळतात. तो कॉम्प्युटर लॅनच्या वायरीनं जोडा. हे एवढं केलं तरी निम्मी घरं सुधारतात.

ज्यांना हौस आहे त्यांनी ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणारा राउटर घ्यावा आणि त्यात एसक्यूएम (रांग तुंबू न देणारी सोय) लावून 'केक' ही पद्धत निवडावी, दोन्ही बाजूंचा स्पीड मोजलेल्याच्या ८५-९० टक्के भरावा. मग टोरेंट कितीही उधळलं तरी कॉल हलत नाही. ऑपरेटरच्या साध्या बॉक्समधल्या क्यूओएसवर (कोणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगवर) मात्र माझा फारसा भरवसा नाही.

टोरेंट खरंच नसेल, तरी अपलोड खाणारे आणखी दोघं असतात. एक म्हणजे खुद्द विंडोज: अपडेटच्या प्रगत सेटिंगमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आहे, त्यात इंटरनेटवरच्या कॉम्प्युटरनाही अपडेट वाटण्याचा पर्याय चालू असेल तर तुमचा पीसी गपचूप वाटत बसतो. फक्त घरच्या नेटवर्कपुरतं ठेवा, नाहीतर बंद करा. दुसरा म्हणजे टीव्हीच्या बॉक्समध्ये कोणीतरी घालून दिलेलं 'फुकट पिक्चर'चं अ‍ॅप. अशी काही अ‍ॅप आतून टोरेंटच चालवतात. टीव्हीला असलं काही दाखवणारी खिडकी नसते, म्हणून एकेक वस्तू वायफायवरून काढायची आणि बाहेरच्या पिंगकडं बघायचं. ज्या क्षणी ४०० वरून १५ वर आलं, तो चोर.

महिन्याच्या मध्यावर स्पीड एकदम पडत असेल तर डेटाची मर्यादा बघा. बऱ्याच प्लॅनना ३,३०० जीबीची अट असते आणि अपलोडही त्यात धरला जाऊ शकतो. सेकंदाला ५ मेगाबाइट सीडिंग दिवसरात्र चालू राहिलं तर दिवसाला ४३२ जीबी होतात. आठ दिवसांच्या आत कोटा साफ.

एवढं करूनही नेट रडत असेल तर खुशाल फोन करा. फक्त "स्लो आहे" एवढंच सांगू नका. टोरेंट बंद होतं, कॉम्प्युटर वायरनं जोडला होता, राउटरचं पिंग इतकं, बाहेरचं इतकं, वेळ अमुक, असं सांगा, आणि दोन्ही खिडक्यांचा स्क्रीनशॉट पाठवा. असा मेसेज आला की मी वायफायचं पुराण ऐकवत नाही, सरळ खांबावरचा बॉक्स उघडायला निघतो.