मँडरिन बोलणाऱ्या मुलांची सुरांची चाचणी घेताना या चुका टाळा

मराठीत ‘काय’ चढ्या आवाजात म्हणा नाहीतर पडत्या, शब्द तोच राहतो. मँडरिनमध्ये सूर बदलला की वस्तूच बदलते. ‘थांग’ पहिल्या सुरात म्हणजे सूप, दुसऱ्यात गोळी-चॉकलेटमधली गोळी, तिसऱ्यात आडवं होणं, चौथ्यात चटका बसेल इतकं गरम. चारही अर्थ चित्रात दाखवता येतात, म्हणून सिंगापूरच्या क्लिनिकमध्ये मी हाच संच आधी काढते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शब्द स्वतःच्या तोंडाने म्हणून चाचणी उरकणं. मीही केलीय. पाच वर्षांची मुलगी, कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेने कानात बसवतात ते यंत्र) बसवलेलं. ‘आडवं होणं’ की ‘गरम’, दोनच चित्रं. २० पैकी १८! आई खूश, मी तिच्याहून खूश. मागे बसलेली सहकारी म्हणाली, “अगं, तिसरा सूर केवढा ताणतेस!” मग सारख्या लांबीचं रेकॉर्डिंग लावलं. ११.

तिसरा सूर सुटा म्हटला की सहसा सर्वांत लांब होतो आणि चौथा झटकन संपतो. इम्प्लांटमधून आवाजाची उंची नीट पोचत नाही, लांबी आणि जोर मात्र छान पोचतात. पोरगी लांबी मोजत होती. हुशार तीच, बावळट माझी चाचणी. रोजच्या बोलण्यात तिला त्या लांबीचा उपयोग होतोच, म्हणून मी दोन्ही आकडे लिहिते, पण वेगवेगळ्या रकान्यांत.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे “१२ आले की, मॅडम!” अहो, दोन चित्रांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी सरासरी १० येतात. २० पैकी १५ झाल्याशिवाय मी ‘सूर ओळखतो’ असं लिहीत नाही. चाचणी घेणाऱ्या नव्या पोरांना दहा शब्दांत मोकळं व्हायचं असतं. मग चाचणी घेताच कशाला?

तोंड झाका. नुसते ओठच नव्हे, तिसऱ्या सुराला हनुवटीही खाली जाते. भरतकामाच्या रिंगला काळं कापड ताणून लावलं की काम भागतं.

‘मासा’ आणि ‘पाऊस’ (दोन्ही ‘यू’, दुसरा आणि तिसरा सूर) ही अवघड जोडी. तिथे अडलं की लगेच यंत्राला दोष देऊ नका, चांगलं ऐकणारी लहान मुलंही तिथे अडखळतात.

शब्दाआधी ‘शोध’ असं म्हणत असाल तर सांभाळा. तो मँडरिन शब्दही तिसऱ्या सुरातला. पुढे तिसऱ्या सुराचाच शब्द आला की तो स्वतः दुसऱ्यात जातो, आणि उत्तर आधीच फुटतं.

आणि गोळीचं चित्र जपून वापरा. एका पठ्ठ्याने वीसही वेळा गोळीवरच बोट ठेवलं आणि बरोब्बर ५० टक्के मिळवले. जेवणाची वेळ टळून गेली होती.