पेजेच्या वाडग्यांची भट्टी लावण्याआधी

पाऊस ओसरला की गोव्यात मातीकामाला जोर येतो. जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली, की चाकावरून उतरवलेला वाडगा आठवडा उलटला तरी सुकायचं नाव घेत नाही. म्हणून चवथ आटोपली की मी पेजेच्या वाडग्यांची पहिली खेप घेते.

आधी माती ठरवा. डिचोलीचे कुंभार वापरतात तशी तांबडी माती मडक्यांना, पणत्यांना उत्तम, पण तिच्यात लोह भरपूर असतं. स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट केलेल्या भांड्यांच्या, १२२० अंश सेल्सिअसला अशी माती बहुधा फुगते, बसते आणि भट्टीतल्या फळीला कायमची चिकटते. एकाच भट्टीत दोन प्रकारच्या माती असतील तर कच्च्या वाडग्यांच्या बुडाशी खूण कोरून ठेवा, भाजल्यावर ओळखणं कठीण जातं. आकार ठरवताना आटणं धरा. माती १२ टक्के आटत असेल, तर १५ सेंटिमीटरच्या वाडग्यासाठी चाकावर तोंड १७ सेंटिमीटरचं हवं. माती मळून झाली की गोळा तारेने मधोमध कापून पाहा. कापलेल्या तोंडावर एकही भोक दिसता कामा नये.

खरी कसोटी सुकण्याची. काठ आधी सुकतो, बूड मागे राहतं आणि त्या ओढाताणीत तडा जातो. म्हणून पहिले दोन दिवस वाडग्यांवर प्लॅस्टिक सैल टाका, काठ आवळून घट्ट झाला की वाडगा उपडा करून बुडाला वारा द्या. बुडाची कडी कोरायची ती माती चामड्यासारखी झाल्यावरच. सुकलंय का हे डोळ्यांनी कळत नाही. वाडगा उचलून बूड गालाला लावा. गार लागलं तर आत पाणी आहे. एका ऑक्टोबरात मी ही परीक्षा टाळली. वाडगे वरून पांढरट दिसत होते तेवढ्यावर भट्टी लावली, आणि आत वाफ कोंडून पाच वाडग्यांची बुडं फुटली. शेजारच्या चांगल्या वाडग्यांतही त्यांच्या कपच्या उडाल्या. त्यामुळे आता १०० अंशांच्या जरा खाली मी भट्टी काही तास रेंगाळत ठेवते. पुढे ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचं आकारमान एकाएकी बदलतं, तिथेही चढ हळूच. पहिली भाजणी १००० अंशांना थांबवा. वाडगा सच्छिद्र राहिला तरच तो ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, शोषून घेईल.

ग्लेझच्या आदल्या दिवशी भाजलेले वाडगे ओल्या स्पंजने पुसा आणि त्यानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय त्यांना शिवू नका. खोबरेल लागलेलं एक बोट टेकलं तरी तेवढ्या जागी ग्लेझ गोळा होऊन उघडी माती दिसते. सिलिका, फेल्डस्पार, चिनी माती यांची पूड वजन करताना चांगला मास्क लावाच. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. कालवलेलं ग्लेझ ८० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा आणि दर वाडग्याआधी तळापासून ढवळा, जड कण खाली बसतात. बुडाच्या कडीवर मेण लावून वाडगा चिमट्याने बुडवा, एक-दोन-तीन म्हणा, काढा. टाचणीने एका कोपऱ्यात ओरखडा काढून जाडी पाहा, साधारण एक मिलिमीटर पुरे. जाड झालं तर ओघळेल. कडीला लागलेले थेंब पुसून टाका.

आता दुसरी, ग्लेझची भाजणी. फळ्यांवर अॅल्युमिना आणि चिनी मातीचा लेप सुकलेला हवा, आणि दोन वाडग्यांमध्ये बोटभर जागा. विजेची भट्टी असेल तर आभाळ बघा. ऑक्टोबरातल्या दुपारनंतर गडगडाट सुरू झाला की वीज जाते, म्हणून मी पहाटे बटण दाबते.

दार मात्र भट्टी १०० अंशांखाली आल्याशिवाय उघडू नका. वाडग्यांत सोलकढी, लोणचं, आंबट कालवण पडणार, म्हणून शिसं असलेलं ग्लेझ स्वयंपाकघरात नकोच. बाकी ग्लेझसाठी एका वाडग्यात लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग उतरला किंवा चमक गेली, तर त्या खेपेचे वाडगे फुलं ठेवायला.