तेजी ओळखायची ती तळांवरून

बेळगाव, चिकोडी, अथणी पट्ट्यात शेअर घ्यायला लागलेला माणूस बहुधा आधी साखर कंपनीकडे वळतो. ऊस ओळखीचा, कारखाना ओळखीचा, बॉयलर कधी पेटतो तेही ठाऊक. पण शिवारात ऊस जोमात आहे म्हणून त्या कंपनीचा शेअर तेजीत असतोच असं नाही. ते चार्टवरच तपासावं लागतं. तिथेही बहुतेकांची नजर शिखरांवर, म्हणजे भाव चढून जिथून उतरायला लागतो त्या जागांवर खिळते, खरी माहिती मात्र तळांत, म्हणजे उतरलेला भाव जिथून पुन्हा वळतो तिथे असते.

सुरुवात आठवड्याच्या चार्टने करा (एक पट्टी म्हणजे एक आठवडा), निदान दोन वर्षांच्या. बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर) झाला असेल तर जुने भाव त्या प्रमाणात कमी करून दाखवलेत का बघा, नाहीतर मोठी पडझड झाल्याचा भास होतो. मग दिवसाच्या चार्टवर या.

समजा, शेअर २०० वरून २२४ ला गेला, २१२ पर्यंत उतरला, पुन्हा २३८ ला गेला आणि २२६ वर थांबला. शिखरं २२४, २३८. तळ २००, २१२, २२६. दोन्ही चढत्या क्रमाने, म्हणून ही तेजी. यातला २१२ चा तळ पक्का झाला तो भाव २२४ च्या वर बंद झाला तेव्हा. २२६ चा तळ अजून कच्चा आहे; २३८ च्या वर बंद भाव आला की तोही पक्का. आणखी एक गोष्ट बघा: उतरता उतरता भाव जुन्या शिखराच्या, २२४ च्या, जरा वरच अडला. आधी जिथे विकणारे होते तिथे आता घेणारे उभे आहेत. चांगल्या तेजीची ही खूण आम्हाला सगळ्यात भरवशाची वाटते.

जोडीला ५० दिवसांच्या बंद भावांची सरासरी लावा. ती वर झुकलेली आणि भाव तिच्या वर असेल तर ठीक. सरासरी आडवी पडली असेल तर भाव तिच्या वर-खाली होण्याला काही अर्थ नसतो. भाव तिला सारखा छेदतो आणि दर वेळी थोडा थोडा तोटा होतो. उलाढालही, म्हणजे किती शेअरची खरेदी-विक्री झाली तेही बघा. चढताना ती वाढावी, उतरताना आटावी. उतरतानाच उलाढाल फुगली तर मोठे लोक माल काढत असण्याची शक्यता असते. आणि एखादा छोटा शेअर रोज अपर सर्किटला, म्हणजे त्या दिवशीच्या वाढीच्या कमाल मर्यादेला, तोही मोजक्याच सौद्यांवर बंद होत असेल, वर टेलिग्रामवर त्याच्या टिपा फिरत असतील, तर हात लावू नका. अशा शेअरचा भाव उलटला की विकायला गिऱ्हाईक मिळत नाही.

खरेदी शिखरावर धावत जाऊन करू नका. वरच्या उदाहरणात २२६ वरून भाव वळला आणि आदल्या दिवशीच्या उच्चांकाच्या वर बंद झाला, समजा २३२ ला, तर तिथे घ्या. स्टॉपलॉस, म्हणजे भाव उतरला तर जिथे विकून बाहेर पडायचं ती आधीच ठरवलेली पातळी, २२२ ला ठेवा; तळ आणि जुनं शिखर दोन्हींच्या खाली. शेअरमागे जोखीम १० रुपये. भांडवल एक लाख असेल तर एका सौद्यात एक टक्का, म्हणजे हजार रुपयेच पणाला लावा: १००० भागिले १०, शंभर शेअर, २३,२०० रुपयांचे. संख्या अशी जोखमीवरून काढा. खात्यात शिल्लक आहे म्हणून जास्त घेणाऱ्याला पहिली साधी घसरणही सोसत नाही, आणि तो नेमका तळाशी विकून मोकळा होतो.

स्टॉपलॉसलाही मर्यादा आहे. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने त्या हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली आणि साखरेचे शेअर कोसळले. अशा बातमीने भाव थेट स्टॉपलॉसच्या खाली उघडू शकतो, मग विक्री मिळेल त्या भावाला होते. म्हणून सगळं भांडवल साखरेतच नको. फ्युचर-ऑप्शनपासून, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या करारांपासून तर नवख्याने लांबच राहावं: बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथे ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले.

नवा तळ पक्का झाला की स्टॉपलॉस त्याच्या खाली सरकवा; मागे कधीच घेऊ नका. २३८ ओलांडून भाव २५२ ला गेला, २४१ वरून वळला आणि २५२ च्या वर बंद झाला, तर स्टॉपलॉस २३९ वर आणा. पुढच्या उसळीत नवं शिखर झालंच नाही, तर तेजी दमली असं समजून निम्मे शेअर विका. पक्क्या तळाच्या खाली बंद भाव आला, की उरलेलेही.